नख न लावता उतरवलेले चिकू

मे महिना अर्धा सरला की आमच्या डहाणू-तलासरीच्या हवेत दोन वास एकदम सुटतात. एक पिकत घातलेल्या चिकूंचा आणि दुसरा बारावीच्या निकालाचा. निकालाला वास असतो हे भूगोलाची शिक्षिका म्हणून मला सिद्ध करता येणार नाही, पण तलासरीच्या शाळेत इतकी वर्षं काढल्यावर छातीठोकपणे सांगता येतं. झेरॉक्सच्या दुकानातले गरम कागद, नव्याकोऱ्या प्लास्टिकच्या फाइली, पेढ्यांचे खोके आणि सायवनकडून येणाऱ्या एसटीतून उतरलेली घामाघूम पोरं हे सगळं एकत्र झालं की तो वास तयार होतो. सुट्टी असली तरी मी या दिवसांत शाळेत एक चक्कर टाकतेच. पोरं दाखले घ्यायला येतात आणि जाता जाता विचारतात, "बाई, आता काय करू?" कुणाला पोलीस भरती दिसत असते, कुणाला नर्सिंग, कुणाला वापीची कंपनी. सतरा-अठरा वर्षांच्या माणसाने आयुष्याचा एवढा मोठा निर्णय झेरॉक्सच्या रांगेत उभं राहून घ्यायचा असतो, याचं मला दरवर्षी नव्याने नवल वाटतं.

यंदा तो वास सुटला त्याच आठवड्यात गंजाडहून माझ्या भाचीचा, तन्वीचा फोन आला. तन्वी माझ्या थोरल्या बहिणीची, सुनंदाताईची मुलगी. मार्क चांगले पडले होते. मी अभिनंदन करून पुढे काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी, मला तो बोटीचा कोर्स करायचाय."

आमच्याकडे मर्चंट नेव्हीला बोटच म्हणतात. जहाजावरच्या ट्रेनिंगला जायचं तर आधी एक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिची तयारी करून घेणारा हा कोर्स. मुंबईकडे राहून करायचा. कोर्स केला म्हणजे जहाज मिळालं असं अजिबात नाही, पण पहिली पायरी तीच.

"मम्मी नको बोलते. पप्पा काय बोलतच नाय. तू ये ना," तन्वी म्हणाली.

"आणि दादा काय म्हणतो?"

"दादाला अजून सांगितलं नाय."

दादा म्हणजे हर्षल, तिचा मोठा भाऊ. काही वर्षांपूर्वी, याच दिवसांत, त्याच घरात, त्याच कोर्सला जायचं की नाही हा प्रश्न आला होता. तन्वीने त्याला का सांगितलं नव्हतं, ते मला न विचारताच समजलं.

हर्षल अकरावी-बारावीला डहाणूत माझ्याकडे राहायचा. गंजाड समुद्रापासून काही फार लांब नाही, पण तिथल्या लोकांचं आणि समुद्राचं नातं लांबच्या सोयऱ्यासारखं. सणावारी भेटायचं, पाय भिजवायचे, भेळ खायची आणि अंधार पडायच्या आत घरी परत. समुद्र किनाऱ्यावरच्या लोकांचा, आपली वाडी आणि भातखाचर बरं, अशी तिथली वाटणी. हर्षलने ती वाटणी मोडली. संध्याकाळी क्लासहून आला की सायकल सुरूच्या झाडाला टेकवून तो पाण्याकडे तोंड करून बसायचा. मीही कधीकधी भाजी घेऊन येताना त्याच्याशेजारी टेकायचे. ओहोटीला उघडा पडलेला काळा खडक, वाळत घातलेल्या मासळीचा वाऱ्यावर येणारा वास, अंगाला चिकटणारी खारी हवा, आणि पार त्या टोकाला, आभाळ संपतं तिथे, एखादं जहाज. ते इतकं सावकाश सरकायचं की मी कंटाळायचे. तो कधी कंटाळला नाही. जहाज कुठून आलं असेल, कुठे जाईल, आत माणसं किती, ती जेवतात काय, हे सगळं तो अशा आपुलकीने बोलायचा की वाटावं, त्याचा सख्खा चुलता तिकडे कामाला आहे.

अंधारलं की होड्यांचे दिवे लागायचे. मग तो हमखास विचारायचा, "मावशी, तो दिवा कुठल्या रंगाचा गं?" मी म्हणायचे, तुला डोळे नाहीत का? मला वाटायचं, पोरगा भूगोलाच्या बाईंची परीक्षा घेतोय.

घरी गंजाडला मात्र त्याची ख्याती वेगळीच होती, चिकूची. चिकू हे फळ मोठं लबाड. आंबा पिकताना रंग बदलून सांगतो, केळंही सांगतं. चिकू कच्चा असताना तपकिरी आणि झाडावर तयार झाला तरी तपकिरीच. म्हणून आमच्याकडे पोर हाताशी आलं की त्याला पहिली गोष्ट शिकवतात: शंका आली की फळाला नखाने हलका ओरखडा काढायचा. आत हिरवं दिसलं तर राहू द्यायचं, पिवळसर दिसलं तर उतरवायचं. पोरं हौसेने ओरखडे काढत सुटतात आणि फळांवर डाग पडले म्हणून मोठ्यांच्या शिव्या खातात. हर्षलने कधीच ओरखडा काढला नाही. तो फळावरून अंगठा फिरवायचा, वरचा भुसा झडतोय का ते बघायचा, टोकाचा बारीक काटा गळून पडलाय का ते बोटाने चाचपायचा आणि फळ खुडायचा. त्याने खुडलेला चिकू सहसा कच्चा निघाला नाही. माझे भाऊजी, म्हणजे त्याचे वडील, तसे अबोल. पण या बाबतीत त्यांची जीभ सैल सुटायची. वाडीवर आलेल्या प्रत्येकाला ते ऐकवायचे, "आमच्या हर्षलला नख नाय लावायला लागत. त्याच्या हातालाच समजतं." आम्ही सगळे कौतुकाने मान डोलवायचो. ताई तर त्याची दृष्ट काढायची.

त्याचा निकाल लागला त्या मे महिन्यात तलासरीच्या एका मंगल कार्यालयात मर्चंट नेव्हीचं मार्गदर्शन शिबिर होतं. हर्षल, भाऊजी आणि मी गेलो होतो. लग्नाच्या सजावटीच्या झिरमिळ्या अजून छताला लटकत होत्या आणि त्यांच्याखाली एका क्लासचे टाय लावलेले सर पडद्यावर जहाजं दाखवत होते. माणूस बोलायला फर्डा होता. पांढरा गणवेश, खांद्यावरच्या पट्ट्या, देशोदेशीची बंदरं ऐकून भाऊजींची पाठ हळूहळू ताठ होत गेली. मग सरांनी काळा पडदा दाखवला, त्यावर दोन ठिपके. म्हणाले, "जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. रात्री समुद्रात समोरचं जहाज कुठल्या बाजूला चाललंय ते या दिव्यांवरूनच ओळखायचं. सांगा बघू, यातला लाल कुठला?" सगळं सभागृह एका सुरात ओरडलं. माझ्या शेजारी हर्षल ओरडला नाही. मला वाटलं, लाजला असेल.

घरी आनंदीआनंद होता. ताईने पेढे वाटले, मोठी बॅग आणली, त्याला पोहता येतं की नाही यावर शेजारणीशी वादही घातला. तीन-चार दिवसांत सीट पक्की करायची होती. भाऊजींचं मत झालं होतं. फक्त ज्याला जायचं तोच गप्प होता. आणि मग एका दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं अशा उन्हात, तो सायकल मारत डहाणूला माझ्या दारात आला.

"मावशी, माझ्यासोबत डोळ्यांच्या डॉक्टरकडे येशील?"

"काय होतंय डोळ्यांना?"

"काय होत नाय." तो पाण्याचा तांब्या हातात धरून उभा होता. "मी चिकूला नख लावत नाय ना, ते मला जास्त समजतं म्हणून नाय. नख लावून मला काय दिसतच नाय. सगळे बोलतात आत हिरवं, आत पिवळं. मला एकच रंग दिसतो. म्हणून मी काटा बघायला शिकलो."

एका पोराच्या डोळ्यांतली उणीव आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या हाताचा गुण म्हणून मिरवली होती. चिकूच्या मुलखाखेरीज अशी चूक दुसरीकडे कुठे होणार?

"कुणाला बोलला का नाहीस?"

"पप्पा सगळ्यांना सांगायचे ना. मग कसं बोलू." आणि तांब्या खाली ठेवून म्हणाला, "पण बोटीचं खरं असेल तर आधी बघायला पाहिजे. मला वाटतं तसं असेल तर जाऊन उपयोग नाय."

तेव्हाचं त्याचं वय आठवलं की मला आजही त्याचा हेवा वाटतो. ज्या दाराआड आपलं नको ते उत्तर असण्याची शक्यता आहे, ते दार कुणी मागे लागलेलं नसताना आपण होऊन ठोठावायला जाणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. मोठी माणसं रक्त तपासायला सांगितलं तरी आठवडाभर टाळतात.

डॉक्टरबाई गुजराती. डहाणूतल्या निम्म्या घरांचे चष्मे त्यांच्याच हातचे. त्यांनी रंगीत ठिपक्यांच्या गोलांचं ते पुस्तक काढलं. ठिपक्यांच्या गर्दीत आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. पहिल्या पानावर हर्षल चटकन म्हणाला, "बारा." मला एवढा आनंद झाला की मी त्याच्या पाठीवर थापच मारली. बाई म्हणाल्या, "ए पान सगळ्यांनाच दिसतं, बेन." दुसऱ्या पानावर मला आठ दिसत होता. हर्षल म्हणाला, "तीन." पान उलटलं. "इथे काय आहे?" तो वाकून बघत राहिला. "काही नाही. ठिपके आहेत." पुढचं पान. "ठिपके." बाईंचा हात पुस्तकावर थांबला. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि चष्मा काढला.

"जन्मापासून आहे. याला औषध नाय. बाकी तुझी नजर एकदम फस्क्लास आहे, कशाला अडणार नाय. पण बोटीच्या मेडिकलमधे हे चालत नाय, दीकरा."

"आलं लक्षात," हर्षल म्हणाला. बाहेर आल्यावर त्याने मला उसाचा रस पाजला. एरवी मी त्याला पाजायचे. रस पिताना म्हणाला, "घरी मी सांगतो. तू मधे बोलू नको."

त्याने सांगितलं तेव्हा भाऊजी ओटीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठून आत गेले आणि करंडीतले दोन चिकू घेऊन आले. दोन्हींना नखाने ओरखडे काढले आणि त्याच्यापुढे धरले.

"यातला कच्चा कुठला?"

"हात लावू?"

"नाय. नुसता बघून सांग."

हर्षलने नीट बघितलं. खोटं सांगायचं असतं तरी शंभरातल्या पन्नास वेळा खरं ठरलं असतं. "नाय सांगता येत, पप्पा," तो म्हणाला. भाऊजींनी ते चिकू हातातच ठेवले आणि खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

हे दुखणं आईकडून मुलाकडे येतं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. ताईने तेच मनाला लावून घेतलं. "माझ्यामुळे झालं," म्हणून ती रडायला लागली तेव्हा मला आमचे अण्णा आठवले, आमचे वडील. शाळेबाहेरचा गुलमोहर पेटल्यासारखा फुललेला असायचा आणि आम्ही बहिणी ओरडायचो, अण्णा, बघा गुलमोहर. अण्णा विचारायचे, कुठे गं? आम्हाला वाटायचं, आपली गंमत करतात. ते गेले तरी आम्हाला पत्ता लागला नाही की त्यांना तो खरंच दिसत नव्हता. मी ताईला हे सांगितलं तर ती आणखीच रडायला लागली. शेवटी हर्षल तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "मम्मी, नाक पण तुझंच आलंय. त्याचं काय करू ते सांग आधी." तेव्हा कुठे ती हसली.

पण गोष्ट तिथे संपायची नव्हती. संध्याकाळी त्या सरांचा फोन आला, सीटचं काय म्हणून. भाऊजींनी फोन स्पीकरवर टाकला आणि डोळ्यांचं सांगितलं. सर हसले. "एवढ्यासाठी कुणी सीट सोडतं का? पोरगा हुशार आहे. मेडिकलचं आम्ही बघतो, आपला माणूस आहे. तुम्ही फक्त पाठवून द्या."

भाऊजींनी मान वर केली. ताईने पदराने डोळे पुसले. ओसरीत एकाएकी परत उजेड आल्यासारखं झालं. त्यात त्यांचं तरी काय चुकलं? पोरगा दोन वर्षं जहाजांकडे बघत बसलेला सगळ्यांना ठाऊक होता, आणि कुणीतरी म्हणत होतं की दार अजून उघडं आहे. त्या क्षणी होय म्हणायला फक्त गप्प बसावं लागलं असतं.

हर्षल पुढे झाला. "सर, मेडिकल तुम्ही बघाल. पण रात्री ड्युटीला मी उभा असणार आणि बाकीचे माझ्या भरवशावर झोपलेले असणार. समोरचा दिवा लाल का हिरवा, मला नाय कळणार. मग ते कोण बघणार?"

"अरे, सवयीने जमतं सगळं."

"नको सर. सीट दुसऱ्या कुणाला द्या."

त्याचा आवाज जराही चढला नव्हता. फोन ठेवल्यावर तो मागच्या दाराने वाडीत गेला आणि बराच वेळ परत आला नाही. कुणी त्याच्या मागे गेलं नाही. रडला असेलच, माणूसच तो. मला त्याचं कौतुक तो रडला नसेल म्हणून नाही वाटत. आपल्याला जीव तोडून हवी असलेली गोष्ट हाताशी आली असताना, ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत अशा झोपलेल्या माणसांचा विचार त्याला आधी सुचला, याचं वाटतं. मी वर्गात इतकी वर्षं समुद्र शिकवते, प्रवाह, भरती-ओहोटी, खंडान्त उतार. समुद्रावर माणसं झोपतात हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अच्छाडला एका ढाब्यावर भाऊजी भेटले. चिकूच्या पेट्या गुजरातच्या ट्रकमध्ये चढवून चहा पीत बसले होते. ओळखीच्या कुणीतरी विचारलं, "काय, पोरगा कधी चालला बोटीवर? का नंबर नाय लागला?" आमच्याकडे पोराचं काही हुकलं की नंबर लागला नाही म्हणायची पद्धत आहे, त्याने सगळं झाकलं जातं. भाऊजींनी बशी खाली ठेवली. "नंबर लागत होता," ते म्हणाले. "त्याने नको बोललं." आणि पुन्हा बशी उचलली. ट्रकांच्या गोंगाटात ते वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं.

हर्षलने नंतर बी.कॉम. केलं. आता सरीगामच्या एका कंपनीत हिशेबाच्या कामावर आहे, रोज बाइकने जा-ये करतो. सुट्टीच्या दिवशी चिकू उतरवतो, अजूनही नख न लावता. फक्त भाऊजी आता आल्या-गेल्याला ते ऐकवत नाहीत. समुद्रावर तो क्वचित जातो. बोटीचा विषय त्याच्यापुढे आम्ही कुणी काढत नाही.

तन्वीचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गंजाडला गेले. ताईचं म्हणणं ठरलेलं होतं. "मुलीची जात, महिने-महिने पाण्यावर. आणि एकदा झालं तेवढं पुरे नाय का? हिचंही तसंच निघालं तर?" मुलींमध्ये हे अगदी क्वचित असतं, असं डॉक्टरबाईंनी तेव्हाच सांगितल्याची मी तिला आठवण करून दिली. तिला ते पटलंही, पण भीती पटण्याने जात नाही. भाऊजी सुपारी कातरत होते. शेवटी म्हणाले, "हर्षल बोलेल तसं करू."

हर्षल संध्याकाळी आला. हेल्मेट काढून अजून खुंटीला अडकवलंही नव्हतं, तर तन्वी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "दादा, मला बोटीचा कोर्स करायचाय." एका दमात म्हणून टाकलं तिने. ताई चुलीजवळून उठली. भाऊजींची सुपारी थांबली. हर्षल बहिणीकडे बघत राहिला.

"कधीपासून आहे डोक्यात?"

"तू सीट सोडलीस तेव्हापासून."

"मग एवढी वर्षं बोलली का नाय?"

त्याने हेल्मेट खुंटीला अडकवलं. "उद्या रजा टाकतो. आधी डोळे, बाकीचं मग."

डॉक्टरबाईंचे केस आता पांढरे झालेत, पुस्तक मात्र तेच. तन्वी स्टुलावर बसली, मी बाजूला. हर्षल तिच्या पाठीमागे उभा राहिला. बाईंनी त्याला ओळखलं, पण तसं काही दाखवलं नाही. पहिलं पान उघडलं.

"बारा," तन्वी म्हणाली. मी यंदा पाठ थोपटली नाही.

"आठ." पान उलटलं. "एकोणतीस." पान उलटलं. "पाच. तीन. पंधरा." तिचा आवाज धीट होत गेला. मी वळून हर्षलकडे पाहिलं. त्याला त्या पानांवर ठिपक्यांखेरीज काही दिसत नव्हतं. तो पुस्तकाकडे बघतही नव्हता. त्याची नजर डॉक्टरबाईंच्या हातावर होती. तो हात कुठेही न थांबता पान उलटत होता, आणि तन्वीच्या प्रत्येक आकड्याला हर्षलची मान हलत होती.

पुस्तक संपलं तशी तन्वीने आमच्याकडे किंवा बाईंकडे नाही, मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. "दादा, बरोबर ना सगळे?"

"बरोबर," हर्षल म्हणाला. "जा तू."